पावडर एकच, पेलेट तीन!



मराठी विभागासाठी टेक्निकल लेख देते म्हटल्यावर संपादक मंडळातला एक मित्र म्हणाला, "तू? आणि मराठीत?" त्याचं काही चुकलं नाही. के.जी.पासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. मराठी म्हणजे घरी बोलायची भाषा आणि दहावीपर्यंतचा एक पेपर, एवढाच काय तो संबंध. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. जिथे मराठी शब्द सापडला नाही तिथे इंग्लिश शब्द सरळ देवनागरीत लिहिलाय, तोही चालवून घ्या.

मराठीत लिहायचं कारण म्हणजे माझी आजी. दिवाळीच्या सुट्टीत ती तूप कढवत होती आणि मी शेजारी ओट्याला टेकून उभी होते. तिने विचारलं, "काय गं, कॉलेजात भट्टीत काय भाजता म्हणे तुम्ही?" मी म्हटलं, "आजी, फेरोइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या मायक्रोस्ट्रक्चरवर प्रोजेक्ट आहे." ती "बरं बाई" म्हणाली आणि पातेल्याकडे वळली. मला कसंतरीच झालं. चार महिने ज्यावर घासतोय ते घरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येऊ नये? आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते मलाही नीट कळलेलं नव्हतं. ते कळलं एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती, आणि मी ती जवळजवळ लपवलीच होती!

आधी थोडं बेसिक

आमचा पदार्थ होता बेरियम टायटनेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिका, रशिया आणि जपान या तिन्ही ठिकाणी तो जवळजवळ एकाच वेळी पण स्वतंत्रपणे सापडला. त्या काळी चांगल्या कपॅसिटरसाठी अभ्रक लागायचा आणि तो मोठ्या प्रमाणावर आपल्याकडून, कोडरमाच्या खाणींतून जायचा. युद्धात अभ्रकाची टंचाई झाली, पर्यायाची शोधाशोध सुरू झाली, आणि हाती लागला हा पदार्थ. अभ्रकाचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ७ च्या आसपास असतो, याचा हजाराच्या वर!

एवढा मोठा आकडा कशामुळे? बेरियम टायटनेटच्या स्फटिकाचा सर्वांत लहान घटक म्हणजे एक खोकं समजा. आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि बरोबर पोटात टायटॅनियम. साधारण १२० ते १३० अंश सेल्सियसच्या वर हे खोकं अगदी चौकोनी असतं. या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. त्याच्या खाली खोकं एका दिशेने सुमारे एक टक्का लांबतं आणि टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकतो. झालं, प्रत्येक खोक्याला स्वतःचा प्लस आणि मायनस मिळतो. बाहेरून व्होल्टेज देऊन हा सरकलेपणा उलटवता येतो, यालाच फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. नावात 'फेरो' असलं तरी लोखंडाचा इथे काही संबंध नाही. लोहचुंबकासारखं वागतं म्हणून ते नाव पडलं.

पुस्तकात साधारण इथवर असतं. म्हणजे फॉर्म्युला ठरला की गुणधर्म ठरला. आमचीही तीच समजूत होती.

आमचे तीन पेलेट

मी आणि माझी पार्टनर, आम्ही विकतची पावडर आणली. त्यात बाइंडर म्हणून थोडा पीव्हीए घातला, १२ मिलीमीटरच्या डायमध्ये दाबून गोळ्या पाडल्या. या गोळ्यांनाच पेलेट म्हणतात. भट्टीत पावडरीचे कण एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि पेलेट आकसतो. याला सिंटरिंग म्हणतात. मग दोन्ही बाजूंना सिल्व्हर पेस्ट लावायची, ती भाजून पक्की करायची आणि एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला कपॅसिटन्स मोजायचा.

पहिली बॅच १२०० अंशांवर २ तास. दुसरी १३०० वर २ तास. तिसरीही १३०० वर २ तास, म्हणजे रीडिंग पुन्हा तसंच येतं का ते बघायला. सोयीसाठी त्यांना अ, ब आणि क म्हणूया.

आता 'ब'चं गणित बघा. भट्टीतून निघालेला पेलेट १० मिलीमीटर व्यासाचा आणि घासून १ मिलीमीटर जाडीचा केलेला. मध्ये नुसती हवा असती तर एवढ्या आकाराचा कपॅसिटन्स आला असता ०.७ पिकोफॅरड. आमचं रीडिंग आलं सुमारे २३६० पिकोफॅरड. भागाकार केला की डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३४००. आम्ही खूष!

'अ'चा आला ११५०. तो कमी येणार हे माहीत होतं, कारण भाजणी कमी होती. पण 'क'? जो 'ब'ची झेरॉक्स यायला हवा होता, त्याचा आला १८००. जवळजवळ निम्मा!

मी आधी सिल्व्हर पेस्टला दोष दिला. पेस्ट खरवडून परत लावली. १८००. मग मीटरला दोष दिला. दुसऱ्या मीटरवर लावला, तरी १८००. मग पार्टनरला म्हटलं, "तू पावडर उघडी ठेवली असणार, ओल धरली असेल." ती बिचारी गप्प बसली. रिव्ह्यू चार दिवसांवर होता. मी एक्सेल शीटमध्ये 'क'च्या ओळीपुढे 'फॉल्टी सॅम्पल' लिहिलं आणि ठरवलं की रिपोर्टमध्ये ती ओळ घ्यायचीच नाही. कुणाला कळणार होतं?

भट्टीचं रजिस्टर

सहज म्हणून गाइड सरांना विचारलं, "सर, एक सॅम्पल खराब निघालंय, ड्रॉप केलं तर चालेल ना?" सर म्हणाले, "डेन्सिटी काढलीस का त्याची?" मी म्हटलं, "नाही सर." "भट्टीचं रजिस्टर बघितलंस?" तेही नाही. सर एवढंच म्हणाले, "मग खराब कशावरून?"

आर्किमिडीजच्या पद्धतीने डेन्सिटी काढली. भरीव बेरियम टायटनेटची असते ६.०२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. आमच्या 'अ'ची आली ४.६, म्हणजे ७६ टक्के. 'ब'ची ५.७२, म्हणजे ९५ टक्के. आणि 'फॉल्टी' क ची? ५.७५! म्हणजे तो 'ब'पेक्षा किंचित जास्तच भरीव होता. कच्चा राहिलेला नव्हता, तडकलेला नव्हता, त्याला ओलही लागलेली नव्हती.

मग रजिस्टर काढलं. भट्टीच्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम सेव्ह केलेले असतात. आमचा प्रोग्रॅम नंबर १. नंबर २ हा दुसऱ्या एका ग्रुपचा, १३७० अंश, ८ तास. तिसऱ्या बॅचच्या दिवशी पार्टनर गावी गेली होती, भट्टी मी एकटीने लावली होती. आणि रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: प्रोग्रॅम २.

लॅबमधले काका शेजारीच उभे होते. म्हणाले, "ताई, मला वाटलं तुम्हाला जास्तच भाजायचंय." काय बोलणार! संध्याकाळी मेसमध्ये पार्टनरला सगळं सांगितलं आणि सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "पावडरीचं झाकण मी दोनदा चेक केलं होतं गं." तेवढंच म्हणाली. पण ते वाक्य अजून लक्षात आहे.

दाणे मोजले तेव्हा

आता प्रश्न बदलला. पावडर तीच, फॉर्म्युला तोच, डेन्सिटी सारखी. मग 'ब' आणि 'क' यांत एवढा फरक कुठून आला?

तिन्ही पेलेट पॉलिश केले आणि भट्टीत सिंटरिंगपेक्षा थोड्या कमी तापमानाला थोडा वेळ ठेवले, म्हणजे दाण्यांच्या कडा उठून दिसतात. मग दुसऱ्या एका संस्थेत जाऊन एसईएमखाली फोटो काढले. फोटो बघितल्यावर मला तोंडात मारल्यासारखं झालं. 'अ'मध्ये बारीक कण आणि मध्ये छिद्रंच छिद्रं. 'ब'मध्ये फरसबंदीसारखे घट्ट बसलेले छोटे दाणे. आणि 'क'मध्ये? त्याच मॅग्निफिकेशनला अख्ख्या फोटोत एकच दाणा, कडा दिसायला झूम आऊट करावं लागलं!

दाण्याचा आकार काढायची पद्धत सोपी आहे. फोटोवर सरळ रेघ ओढायची, ती किती कडा ओलांडते ते मोजायचं आणि रेघेच्या खऱ्या लांबीला त्या संख्येने भागायचं. रेघ प्रत्येक दाण्याच्या मधूनच जाते असं नाही, म्हणून उत्तराला १.५६ ने गुणतात. अशा बऱ्याच रेघा ओढून सरासरी काढली. 'ब'चा दाणा आला दीड मायक्रॉन, 'क'चा ४० मायक्रॉन.

इथे मला आजीचं तूप आठवलं. लोणी तेच, पण तूप सावकाश निवू दिलं तर छान रवाळ होतं आणि घाईने फ्रीजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत थिजतं. पदार्थ एकच, रवा वेगळा. आमच्या पेलेटचंही तेच झालं होतं. उपमा इथेच थांबते बरं का, कारण तूप वितळून परत थिजतं आणि पेलेट मात्र जवळजवळ पूर्णपणे घनच राहतो. त्यात मोठे दाणे छोट्या दाण्यांना गिळून वाढतात. त्यातून बेरियम टायटनेटमध्ये टायटॅनियम किंचित जास्त असेल तर साधारण १३३० अंशांच्या वर दाण्यांमध्ये थोडा द्रव तयार होतो आणि काही दाणे बेसुमार वाढतात. आमचं १३७० हे त्या रेषेच्या पलीकडे होतं.

पण दाण्याच्या आकाराने विजेला काय फरक पडतो?

तीन गोष्टी ध्यानात ठेवा: छिद्र, डोमेन आणि सीमा.

१) छिद्र. 'अ'चं उत्तर बहुतांशी इथे आहे. छिद्रात हवा असते आणि हवेचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट १. हजारोंच्या शेजारी एक म्हणजे जवळजवळ शून्यच. २४ टक्के छिद्रं आहेत म्हणून आकडा फक्त २४ टक्के कमी होईल असं नाही. विजेच्या वाटेत आडवी आलेली हवा बरंचसं व्होल्टेज स्वतःच खाते आणि खऱ्या पदार्थाच्या वाट्याला थोडंच उरतं.

२) डोमेन. क्युरी तापमानाखाली आल्यावर प्रत्येक दाण्याला एका दिशेने लांबायचं असतं. पण चारी बाजूंनी शेजारी दाटीवाटीने बसलेले, लांबणार कुठे? गर्दीच्या लोकलमध्ये आपण कसे अंग चोरून, एक खांदा पुढे एक मागे करून उभे राहतो, तसं दाणा स्वतःला पट्ट्यांमध्ये वाटून घेतो. एका पट्टीत लांबी उभी, शेजारच्या पट्टीत आडवी. या पट्ट्या म्हणजे डोमेन आणि त्यांच्यामधली भिंत म्हणजे डोमेन वॉल. व्होल्टेज दिलं की या भिंती थोड्याशा मागेपुढे हलतात आणि त्या हालचालीमुळे डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट वाढतो.

आता खरी गंमत. दाणा लहान होत गेला की डोमेनही अरुंद होतात. साधारणपणे डोमेनची रुंदी दाण्याच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणजे तेवढ्याच पेलेटमध्ये भिंती जास्त, आणि भिंती जास्त म्हणजे आकडा मोठा. म्हणून दीड मायक्रॉनवाला 'ब' हा ४० मायक्रॉनवाल्या 'क'च्या पुढे गेला! आर्ल्ट, हेनिंग्स आणि डी विथ यांनी १९८५ मध्ये हे मोजून दाखवलं. मोठ्या दाण्यांत आकडा दीड-दोन हजारांच्या घरात असतो आणि एक मायक्रॉनच्या आसपास तो ५००० पर्यंत चढतो. त्याआधी १९६६ मध्ये बेसेम, क्रॉस आणि गोस्वामी यांनी वेगळं कारण मांडलं होतं, की बारीक दाण्यांत पट्ट्या पडतच नाहीत आणि आत कोंडलेल्या ताणामुळे आकडा वाढतो. भिंती आणि ताण यांत कुणाचा वाटा किती, यावर नंतरही बरंच काम झालं आहे.

३) सीमा. मग दाणा आणखी बारीक केला तर आकडा आणखी वाढेल? नाही! एक मायक्रॉनच्या बऱ्याच खाली गेलं की तो घसरायला लागतो. कारण दोन दाण्यांच्या मधला पातळ थर. त्याचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट आतल्या भागापेक्षा खूप कमी असतो.

आमच्या गावाकडे शेताच्या वाटण्या होतात तेव्हा काय होतं? जमीन तेवढीच, पण तुकडे वाढले की बांध वाढतात आणि पिकाखालची जमीन कमी होते. दाण्यांचंही तसंच. समजा दाण्याच्या आतला आकडा ३००० आहे, बांधाचा १०० आणि बांधाची जाडी ५ नॅनोमीटर. थर एकापुढे एक मांडून हिशोब केला तर १ मायक्रॉनच्या दाण्याला एकूण आकडा येतो सुमारे २६२०. दाणा १०० नॅनोमीटरचा केला तर तोच येतो १२२० च्या आसपास. बांधानेच अर्ध्याहून जास्त खाल्लं! शिवाय एवढ्या बारीक दाण्यात स्फटिकाचं एका दिशेने लांबणंही कमी होत जातं, तो फटका वेगळाच.

मोबाईलमध्ये हे कुठे येतं?

तुमच्या स्मार्टफोनमध्ये बेरियम टायटनेटचे बहुथरी कपॅसिटर शेकड्यांनी असतात, कधी हजाराच्या घरात. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. आत सिरॅमिक आणि धातूचे शेकडो थर एकावर एक. कमी जागेत जास्त कपॅसिटन्स हवा म्हणून सिरॅमिकचा थर आता एक मायक्रॉनच्याही खाली आलाय. आता अडचण बघा. सर्वांत चांगला आकडा देणारा दाणाच एक मायक्रॉनचा. तो वापरला तर अख्ख्या थराच्या जाडीत एकच दाणा बसेल. एक दाणा दगावला की कपॅसिटर शॉर्ट! थर टिकायला जाडीत एकाहून जास्त दाणे हवेत, म्हणून दाणे एक-दोनशे नॅनोमीटरचे ठेवतात आणि आकड्यावर थोडं पाणी सोडतात. शिवाय दाण्याच्या गाभ्यात शुद्ध बेरियम टायटनेट आणि भोवती इतर घटक मुरलेलं कवच, अशी रचना करतात. त्यामुळे क्युरी तापमानाचा उंच सुळका सपाट होतो आणि उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत कपॅसिटन्स १५ टक्क्यांच्या आत हलतो. एक्स-सेव्हन-आर लिहिलेला कपॅसिटर म्हणजे हाच.

आणि डासांच्या मशीनमध्ये?

हॉस्टेलवर प्रत्येक खोलीत असणारी वस्तू! त्या मशीनमध्ये तापणारी जी चकती असते, ती बऱ्याचदा बेरियम टायटनेटच्या जातीचीच असते. शुद्ध बेरियम टायटनेट वीज वाहू देत नाही, पण त्यात चिमूटभर लँथॅनमसारखं मूलद्रव्य घातलं की तो सेमीकंडक्टर होतो. क्युरी तापमानाखाली वीज सहज वाहते आणि चकती तापते. त्याच्या वर गेली की रेझिस्टन्स एकदम हजारो पटींनी वाढतो, करंट कमी होतो, चकती निवते. थर्मोस्टॅट नको, काही नको! याला पीटीसी म्हणतात. शिसं मिसळून हे तापमान वर नेता येतं, स्ट्रॉन्शियम मिसळून खाली आणता येतं.

हे घडतं कुठे? दाण्याच्या आत नाही, तर बांधावर. दाण्यांच्या सीमेवर अडकलेल्या चार्जमुळे इलेक्ट्रॉनच्या वाटेत एक टेकडी उभी राहते. क्युरी तापमानाखाली डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट मोठा असल्यामुळे टेकडी बुटकी असते, वर गेल्यावर तो कोसळतो आणि टेकडी उंच होते. हेवांग यांनी १९६१ मध्ये हे स्पष्ट केलं. पुरावा साधा आहे: त्याच पदार्थाचा एकसंध, बिनसीमेचा स्फटिक घेतला तर हा चमत्कार दिसत नाही. म्हणजे कपॅसिटरमध्ये ज्या बांधाला आपण शिव्या देतो, तोच इथे सगळं काम करतो!

शेवटी काय झालं?

रिव्ह्यूला आम्ही 'क' काढून टाकला नाही. उलट त्याच्यावरच अर्धं प्रेझेंटेशन केलं. भट्टीचा प्रोग्रॅम चुकल्याचंही स्लाईडवर लिहिलं, हात थोडे थरथरत होते तरी. परीक्षकांनी बाकी फारसं विचारलं नाही, 'क'वरच दहा मिनिटं बोलले. ती ओळ मी खोडली असती तर आमच्याकडे उरले असते दोन आकडे आणि 'जास्त भाजलं की आकडा वाढतो' हा चुकीचा निष्कर्ष. आणि पार्टनरवर उगाच घेतलेला संशय कायमचा राहिला असता तो वेगळाच.

सिरॅमिकवर प्रोजेक्ट घेणाऱ्या ज्युनियर्सना एवढंच सांगते: कपॅसिटन्स मोजण्याआधी डेन्सिटी काढा, भट्टीचं तापमान आणि वेळ तिथल्या तिथे लिहा, आणि दाणे बघितल्याशिवाय कुठल्याच सॅम्पलला खराब म्हणू नका.

सुट्टीत परत घरी गेले तेव्हा आजीला सगळं सांगितलं. तूप, रवा, बांध, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे लोणी चांगलं असून भागत नाही, कढवणारीचं लक्ष हवं."

चार महिन्यांचा प्रोजेक्ट, एका वाक्यात!